पिवळ्या डब्यातले चिनी काळे दाणे अन् घरची वांगी: कोणी केली आहे का भाजी?

बांधावरून (दारव्हा तालुका)

नमस्कार मंडळी,

चंपाषष्ठी झाली. खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला आणि चातुर्मासापासून बंद असलेलं वांगं आमच्या मायच्या ताटात परत आलं. बाकीच्यांना मात्र आता वांगं नको झालं आहे. अर्धा एकर लावलं आहे, तोडा चांगला निघून राहिला, भाव नाही. मागच्या बाजाराला कॅरेट नेले तर गाडीभाडंही निघेना, अर्धा माल घरी परत आणला. गोठ्यातल्या गाईही आता वास घेऊन तोंड फिरवतात. सकाळी रस्सा, संध्याकाळी भरीत, बदल म्हणून मुंगवड्या-वांगे. पोरगं झाकण उघडून पाहते अन् पुन्हा ठेवून देते.

आता मुद्द्याचं. भाची सिंगापूरला नोकरीला असते. दिवाळीला आली तेव्हा पुठ्ठ्याचा एक पिवळा गोल डबा देऊन गेली. "मामा, तिकडे वांग्यात हे टाकतात, फार भारी लागते" एवढंच म्हणाली. परवा फोनवर विचारलं तर म्हणते, मला खाता येतं, करता येत नाही.

डब्यात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत काळेभोर सुरकुतलेले दाणे, थोडे ओलसर, एकमेकांना चिकटलेले. मधेमधे अद्रकाचे काळे पडलेले तुकडे. वास जुन्या लोणच्याची बरणी आणि भिजलेली सरकी ढेप यांच्या मधला कुठला तरी. एक दाणा चाखून पाहिला. आधी नुसतं मीठ, मग जरा कडसर, आणि नंतर बराच वेळ तोंडात राहणारी खमंग चव. वाईट अजिबात नाही.

माय म्हणते हे सडलेलं आहे, उकिरड्यावर टाक. बायको म्हणते काळी उसळ असेल, रात्री भिजत घालते आणि सकाळी कुकरला चार शिट्ट्या देते. दोघींनाही थांबवून ठेवलं आहे.

तर विचारायचं असं, की हे दाणे भिजवायचे का, उकडायचे का, किती टाकायचे? वांगं कोणतं घ्यावं? माझ्याकडे काटेरीही आहे आणि लांबही. तेल किती लागेल? आणि शेवटचं, डब्यावर इंग्रजीत सोयाबीन लिहिलं आहे. सोयाबीन तर घरात पोत्यानं पडलं आहे. 2025-26 ला हमीभाव क्विंटलमागं 5328 रुपये होता, हातात काय पडते ते विचारू नका. घरच्या सोयाबीनचे असे दाणे करता येतात का?

---

नुसतावाचक

एवढं डोकं कायले लावता भौ. वांगे तळा, वरून सोयासॉस, चिलीसॉस, थोडा अजिनोमोटो. चौकातल्या गाडीवर दुसरं काय असते? ते दाणे कोंबड्याईले टाका.

---

कढईवाला (आर्णीजवळ)

पहिले हे, का कोंबड्याईले टाकू नका. त्या दाण्यात मीठ इतकं असते का कोंबड्या मरतीन. अन् वहिनीले सांगा, कुकर खाली ठेवा. ही उसळ नाही. हा माल मिसळणाच्या डब्यातला आहे, डाळीच्या कोठीतला नाही.

मी पुण्यात एका हॉटेलच्या चायनीज किचनात कढईवर होतो. आमचा उस्ताद कोलकात्याच्या टांगऱ्यातला, घरचे हाक्का चिनी. गिऱ्हाइकाले तो मंच्युरियन करून दे अन् पोरांच्या जेवणाले, हॉटेल बंद झाल्यावर, हे काळ्या दाण्याचं वांगं करे. मेनूवर कधीच नव्हतं. लॉकडाऊनात हॉटेल बसलं, मी गावाकडे आलो, आता तुळजापूर रोडवर ढाबा आहे. ढाब्यावर हे विकत नाही, लोक याचे पैसे देत नाहीत. शेवभाजीचे देतात. घरी मात्र हिवाळाभर करतो.

तुमचे दाणे म्हणजे काळ्या सालीचं सोयाबीन. वाफवून, त्याच्यावर बुरशी चढवून, मीठ लावून, महिनोन्‌महिने मुरवलेलं. चिनी लोक त्याले दोउची म्हणतात. अद्रकाचे तुकडे आहेत म्हणता, मंग तो बहुतेक दक्षिण चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातल्या यांगज्यांगकडचा माल असन, तिकडे अद्रक घालून डबे भरतात. मायले सांगा, सडलेलं नाही, मुरलेलं आहे. तिच्या लोणच्याच्या बरणीले कोणी सडलेलं म्हटलं तर ती ऐकून घेईन का?

आता दाणे. अर्धा किलो वांग्याले दोन पोहेचमचे, सपाट. जास्त नको. एका पाण्यातून खळबळून काढा, वरचं मीठ जाते. मंग पाच-दहा मिनिट कोमट पाण्यात. रात्रभर भिजवले तर चव पाण्यात अन् तुमच्या हातात नुसते फोलपटं. पाणी काढून पाट्यावर सुरीनं जाडसर कापा, काही दाणे अख्खे राहिले तरी चालते. मिक्सर लावू नका, काळं लगदं होते अन् सगळी भाजी डांबरी दिसते. उस्ताद सुरीच्या पात्यानं दाबून एकेक दाणा फोडे, मी कापून मोकळा होतो.

वांगं लांबच घ्या. काटेरी गोल वांगं रश्श्याले सोडा. भरताचं मोठं वांगं भाजल्यावर गोड लागते, पण फोडी करून कढईत हलवलं का चिखल. लांब जांभळं, पातळ सालीचं, बी न धरलेलं. तिकडेही असंच वापरतात. बोटाएवढ्या लांब फोडी करा अन् प्रत्येक फोडीले साल राहू द्या, सालीशिवायची फोड कढईत टिकत नाही.

आता तेल, कारण वांग्याचं सगळं भांडण तेलासंग आहे. गरात हवा भरलेली असते. कोरडी फोड तेलात पडली का पहिल्या मिनटात सगळं तेल पिऊन बसते, तुमाले वाटते तेल कमी पडलं, तुम्ही अजून ओतता, अन् फोड शिजून खाली बसली का तेच तेल ताटात सोडते. म्हणून फोडींले अर्धा चमचा मीठ चोळून वीस मिनिट चाळणीत ठेवा. लोक म्हणतात मीठ कडूपणा काढाले लावतात. आता बाजारात कडू वांगं येतेच कुठे! मीठ लावल्यानं पाणी सुटते, गर बसते, तेल पिणं कमी होते. मंग पंच्यात घेऊन हलक्या हातानं दाबा, पुसून कोरडं करा, अन् वरून एक चमचा कॉर्नफ्लोर भुरभुरवा. पीठ नुसतं हातालं लागल्यासारखं दिसलं पायजे, भज्यासारखं नाही.

तेल चांगलं तापू द्या. फोड टाकली का त्याच क्षणी तडतडून फेस आला पायजे, नाही आला तर थांबा. फोडी सालीच्या बाजूनं तेलात सोडा. कडक तेलात साल पहिले गेली तर जांभळा रंग तसाच राहते, कोमट तेलात टाकलं का तपकिरी अन् उदास. थोड्याथोड्या तळा. दोन मिनिट, कडा सोनेरी झाल्या का काढा, झाऱ्यावर निथळू द्या. सोयाबीन तेल चालते, पण रिफाइंड फल्ली तेल, म्हणजे शेंगदाण्याचं, असन तर तेच घ्या. ग्वांगदोंगमध्येही फल्ली तेलावर भारी प्रेम आहे.

जाळाचं सांगतो. हॉटेलात भट्टी असते, आवाजानं बोलणं ऐकू येत नाही. घरच्या गॅसले तो दम नाही. पण तुमच्याकडे पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, असतीन ना वावराच्या धुऱ्यावर? चुलीत पऱ्हाट्या लावा. बाभळीचं लाकूड सावकाश जळते, भाकरीले चांगलं. पऱ्हाटी भडकते अन् विझते, अन् या भाजीले तेवढंच पायजे, चार मिनिट मोठा जाळ. एकानं चुलीत सारावं, एकानं सराटा चालवावा. सगळं आधी कापून ताटात मांडून ठेवा, कारण एकदा सुरू झालं का अद्रक शोधाले वेळ भेटत नाही.

लोखंडी कढई, एक मोठा चमचा तेल, धूर निघाले लागला का सात-आठ लसणाच्या पाकळ्या बारीक कापून अन् अद्रकाचा पेरभर तुकडा. तांबूस व्हायच्या आत दोन-तीन सुक्या लाल मिरच्या तोडून, भिवापुरी असन तर बियासकट एकच टाका. लगेच काळे दाणे. अर्धा मिनिट. इथे थांबून वास घ्या, कारण हा वास आला नाही तर पुढे काही टाकून उपयोग नाही. दाणे तेलात परतल्यावरच फुलतात, पाण्यात टाकले तर नुसते खारट राहतात.

मंग वांगे. वरून एक पोहेचमचा सोयासॉस, एक लहान चमचा साखर, अर्धी वाटी पाणी. दोन उकळ्या. शेवटी लहान चमचाभर कॉर्नफ्लोर पाण्यात कालवून, कढईच्या काठानं सोडा, रस चकाकला का उतरवा. पातीचा कांदा वरून. मीठ टाकाचंच नाही, चमचाभरही नाही. दाण्यात आहे, सॉसमध्ये आहे, फोडींले लावलेलं आहे.

चिनी लोक थोडी तांदळाची दारू टाकतात. आपल्याकडे नाही तर नाही, पाणी टाका. कोणी मोहाची सुचवन तर त्याले चुलीपासून दूर बसवा, मी एकदा ढाब्यावर एका गिऱ्हाइकाच्या हट्टानं टाकून पाह्यली, कढईतून जाळ उठला अन् भाजी गेली मोहाच्या फुलात.

अन् काळा मसाला, गोडा मसाला, धणे-जिरे, फल्लीकूट, खोबरं, यातलं काहीच नाही. हात शिवशिवते, मले माहीत आहे. नाही म्हणजे नाही.

भातासंग खा. साधा एचएमटी घ्या, आपल्या नागभीडकडच्या दादाजी खोब्रागडेंनी शोधलेला. रस जरा दाट असते, बारीक भाताले बरोबर धरते.

---

वाशिमची काकू

कढईवाले दादा, छान सांगितलंत, पण तळणाचं तेल वाचूनच आमच्या ह्यांचा रिपोर्ट डोळ्यांसमोर आला. माझी सून माहेराहून एक पद्धत शिकून आली आहे, तिचा भाऊ शांघायला होता. इडलीपात्रात चाळणी ठेवून लांब वांग्याच्या उभ्या चार फाका वाफवते, आठ-दहा मिनिटं, सुरी अलगद गेली पाहिजे. मग हातानंच लांब लांब फाडते, ताटात पसरते. तिकडे दोन चमचे तेलात लसूण, अद्रक, काळे दाणे, तिखट परतून, सोयासॉसचं पाणी उकळून वरून ओतते. झालं. रंग काही जांभळा राहत नाही, राखाडी दिसते, पण चव आमच्या घरी तळलेल्यापेक्षा जास्त आवडते. बिनातेलाच्या वांग्यात दाण्याची चव आत जाते असं मला वाटते.

एक सुधारणा मात्र करते मी. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, टाकते भरपूर. पातीचा कांदा आमच्या बाजारात नेमका हवा तेव्हा मिळत नाही.

आणि दाण्यांचा विषय निघालाच आहे तर विचारते, लसूण न खाणाऱ्याला हे कसं द्यावं? आमच्या मोठ्या जाऊबाई बाराही महिने लसूण-कांदा खात नाहीत.

---

खत-बियाणं

बांधावरून भाऊ, घरच्या सोयाबीनच्या प्रश्नावर सगळे गप्प आहेत म्हणून लिहितो. माझा रोजचा संबंध सोयाबीनच्या पिकाशी, स्वयंपाकाशी नाही.

तत्त्वतः करता येतात. काळंच सोयाबीन लागतं असं नाही. चीनमध्येही पिवळ्या सोयाबीनचे दाणे करतात, मुरता मुरता ते गडद होतात. म्हणजे तुमचं जेएस 335 असो नाहीतर दुसरं कुठलं, वाण आड येत नाही. अडचण बुरशीची आहे.

प्रक्रिया अशी. सोयाबीन भिजवून मऊ होईपर्यंत वाफवतात, पाणी निथळून गार करतात आणि त्यावर एक ठरावीक बुरशी लावतात, अ‍ॅस्परजिलस ओरायझी. जपानी लोक सोयासॉस आणि मिसो करताना हीच वापरतात. तीस अंशांच्या आसपास उबेत दोन-तीन दिवसांत दाण्यांवर पांढरट, पुढे पिवळसर-हिरवट थर चढतो. ही बुरशी अशी विकरं (एन्झाइम) तयार करते जी सोयाबीनमधलं प्रथिन तोडतात, त्यातूनच ती जिभेवर रेंगाळणारी चव येते. मग थर धुऊन टाकतात, भरपूर मीठ लावून बरणीत दाबून भरतात आणि काही आठवडे ते काही महिने ठेवतात. मीठ कमी पडलं तर नको ते जिवाणू वाढतात. शेवटी वाळवतात. ही पद्धत फार जुनी आहे. हुनान प्रांतात चांगशाजवळ मावांगदुई इथं 1972 पासून उत्खनन झालं, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली थडगी निघाली, त्यात ठेवलेल्या खाद्यपदार्थांमध्ये असे दाणे सापडले आहेत.

आता धोका. अ‍ॅस्परजिलस ओरायझीची सख्खी बहीण म्हणजे अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस, आपल्या हवेत, मातीत, ओल्या शेंगदाण्यावर, मक्यावर सापडणारी. ती अफलाटॉक्सिन तयार करते, जे यकृताला घातक आहे आणि फोडणीच्या उष्णतेनं जात नाही. डोळ्यांनी दोघींत फरक करता येत नाही. त्यामुळे सोयाबीन उकडून, गोणपाट टाकून, जी येईल ती बुरशी येऊ द्यायची, हा प्रयोग करू नका. करायचंच असेल तर कोजीचं, म्हणजे याच ओरायझी बुरशीचं, शुद्ध विरजण विकत मिळतं, ते मागवा, आणि तापमान मोजायला थर्मामीटर ठेवा. आपल्याकडच्या बायका कुरडयांसाठी गहू तीन दिवस आंबवतात, रोज पाणी बदलतात, तो हात ज्याच्याकडे आहे त्याला हे शिस्तीनं जमेल. पण कुरडईत बुरशी येऊ द्यायची नसते, इथं आणायची असते, एवढं लक्षात असू द्या.

दुसरं, आणि हे मी ठळक सांगतो. घरात पेरणीतून उरलेलं बियाणं असेल तर ते या कामाला, किंवा खायला, अजिबात घेऊ नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. लालसर-गुलाबी रंग दिसतो. धुतलं तरी नाही. खळ्यावरचं, बीजप्रक्रिया न केलेलंच सोयाबीन.

ईशान्येकडे आपल्याच देशात मुरवलेलं सोयाबीन रोज खातात, नागालँडची अखुनी, मणिपूरचं हवाइजार, सिक्कीमचं किनेमा. ती बुरशीची नाहीत, जिवाणूंची आहेत, थोड्याच दिवसांत तयार होतात, चिकट तार सुटते आणि वासाला चिनी दाण्यांपेक्षा कितीतरी उग्र. वांग्यात तीही घालतात, पण चव वेगळी, त्यांच्या जागी हे किंवा ह्यांच्या जागी ते असं चालत नाही.

---

बांधावरून (दारव्हा तालुका)

सगळ्यांचे आभार. रविवारी केलं.

दोन्ही प्रकार केले, कारण वांग्याला तोटा नाही. कढईवाले भाऊंचं चुलीवर, मी पऱ्हाट्या सारत होतो आणि सराटा बायकोच्या हातात. काकूंचं वाफवलेलं गॅसवर. दाणे तेलात पडल्यावर जो वास आला तो शेजारपर्यंत गेला असावा, कारण शेजारचा पोरगा वाटी घेऊनच आला.

पोरानं तळलेलं दुसऱ्यांदा घेतलं. माय म्हणाली खारट आहे, तरी ताट पुसून खाल्लं, आणि वाफवलेल्याला हातही लावला नाही. बायकोला वाफवलेलं आवडलं. साखर तिला जास्त वाटली, पुढच्या वेळी अर्धी करणार आहे. भातासोबत ठीकच, पण मला विचाराल तर ज्वारीच्या भाकरीचा तुकडा त्या काळ्या रसात बुडवला तेव्हा खरी मजा आली. पोळीसोबत जमत नाही.

खत-बियाणं साहेब, बुरशीचं वाचून मी सोयाबीनचा नाद सोडला. उरलेलं बियाणं वेगळ्या पोत्यात आहे, त्यावर बायकोनं खडूनं फुली मारली.

आता दोन शंका. आमच्या जर्मनच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या) कढईला तळताना फोडी चिकटत होत्या, साल कढईत आणि गर सराट्याला. आणि डबा अर्ध्याच्या वर शिल्लक आहे, तो ठेवायचा कसा? शिवाय वांगी अजून दोन महिने निघणार आहेत, तेव्हा याच दाण्यांचं किंवा याच हातानं आणखी काही करता येत असेल तर सांगा. आलू घरचे आहेत, ढोबळी मिरचीही थोडी आहे.

---

कढईवाला (आर्णीजवळ)

भाकरीसंग खाल्लं म्हणता, आमच्या उस्तादानं ऐकलं असतं तर कपाळाले हात लावला असता. मीही भाकरीसंगच खातो.

जर्मनची कढई यासाठी नको. ती पातळ असते, एका जागी जास्त तापते अन् फोड टाकली का थंडी पडते. लोखंडीच घ्या, बाजारात वजनावर भेटते. नवी कढई मातीनं घासून, तेल लावून, धूर निघेस्तोवर तापवा, पुसा, पुन्हा तेल, पुन्हा तापवा. काळी अन् गुळगुळीत झाली का चिकटत नाही. मंग साबण दाखवू नका तिले, गरम पाणी अन् काथ्या पुरे.

दाण्याची पिशवी फोडली का काचेच्या कोरड्या बरणीत भरा, झाकण घट्ट. ओला चमचा घालू नका. फ्रिज असन तर फ्रिजात, नसन तर अंधाऱ्या फडताळात. मीठच राखण करते. फार वाळले तर वापरताना थोडा वेळ जास्त भिजवा.

आलू, ढोबळी अन् वांगं आहे म्हणता, मंग तुमच्या घरात चीनच्या उत्तर-पूर्वेकडची एक पूर्ण भाजी पडून आहे. दी सान श्यान. हेच तिन्ही, बाकी काही नाही. तिकडे थंडी कडक, जे जमिनीतून निघते ते खाऊन घ्यायचं. आलूच्या जाड फोडी पहिले तळा, पूर्ण शिजेस्तोवर, बाहेरून कडक. मंग वांगे, वर सांगितलं तसंच. ढोबळी तेलातून नुसती काढायची, पंधरा सेकंद. मंग लसण भरपूर, सोयासॉस, साखर, पाणी, कॉर्नफ्लोर, अन् तिन्ही एकदम. याच्यात काळे दाणे टाकत नाहीत, पण मी चमचाभर टाकतो. उत्तरेकडच्या माणसाले सांगू नका.

दुसरी हुनानची. हुनानी लोक तिखटात आपल्याले ऐकत नाहीत. हिरव्या मिरच्या निखाऱ्यावर काळ्या होईस्तोवर भाजतात, वांगं भाजून किंवा वाफवून घेतात, अन् लसण-मिठासंग उखळात एकत्र कुटतात. उखळ तसंच टेबलावर येते. म्हणजे तुमच्या घरचा खलबत्ता, ठेचा अन् भरीत, एकाच भांड्यात. वर काळे दाणे तेलात परतून घाला अन् चार थेंब सोयासॉस. कच्चं फल्ली तेल नको, दाण्याचा वास दबते. तोड्यातलं जे वांगं जरा मोठं झालं, थोडं बी धरलं, ते याच्यात खपून जाते.

काकू, जाऊबाईसाठी: लसूण-कांदा काढा अन् अद्रक दुप्पट करा, बारीक सुयांसारखं कापून. चीनमधल्या बौद्ध मठातही कांदा-लसूण वर्ज्य आहे, तिकडचा शाकाहारी स्वयंपाक अद्रक, मुरवलेलं सोयाबीन अन् कुत्र्यांवर, म्हणजे कुत्र्याच्या छत्रीवर, मश्रूमवर चालते. तीळतेलाचे दोन थेंब उतरवताना टाका, लसणाची आठवण येत नाही. सांबाराबद्दल काही बोलत नाही, तुमचं घर तुमचं ताट.

---

वाशिमची काकू

मश्रूम सरळ मश्रूम म्हणा हो दादा, चहा उडाला माझा. करते अद्रकाचं.

ज्यांच्याकडे असा पिवळा डबा नाही त्यांनी काय करावं? सुनेच्या मोबाइलवर एक लाल बाटली दिसते, तिखट तेलाची, त्यातही काळे दाणे आहेत म्हणे. आमच्या पिनकोडला ती येते, डबा येत नाही.

---

कढईवाला (आर्णीजवळ)

ती लाओगान्मा नावाची असन, चीनच्या ग्वेइझोऊ प्रांताकडची. तिचे प्रकार दोन-तीन आहेत, दाण्यांचा चित्रात किंवा यादीत उल्लेख असलेलाच घ्या, नुसत्या मिरचीचा नको. चालते. फक्त तेलाचा अंदाज बदला. फोडणीले तेल अर्धा चमचाच घ्या, लसण-अद्रक परता, वांगे टाका, अन् बाटलीतले दोन चमचे सगळ्यात शेवटी, पाणी टाकायच्या जरा आधी. त्याच्यातले दाणे आधीच तळलेले आहेत, पुन्हा परतले का करपून कडू होतात. मिरची वेगळी टाकू नका अन् सोयासॉस निम्म्यावर आणा. दुसरी, लसण-काळ्या दाण्याची तयार पेस्टही बाटलीत भेटते, ती वाफवलेल्या वांग्यावर चांगली, पण तिले तेलात अर्धा मिनिट परतल्याशिवाय ओतू नका.